हुक्केरी मॅडम आणि कबनूरचा गोंगाट

टर्मच्या पहिल्या तासाला हुक्केरी मॅडम हजेरी घेत नसत. वर्गात येत, फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढत आणि पोरांना सांगत, "मी भाईर जातो. एका बाजूला नुसतं मनानं शून्य-एक, शून्य-एक लिवायचं, कसंबी, काही नेम न ठेवता. दुसऱ्या बाजूला रुपाया उडवून. छापा आला तर एक, काटा आला तर शून्य. कुठली बाजू कशाची, ते तुमचं तुमी ठरवा. झालं की हाक मारा."

पोरं हसत-खिदळत फळा भरून काढत. मॅडम आत येत, दाराशी उभ्या राहूनच फळ्याकडे एकदा बघत आणि बोट दाखवत, "हे मनाचं. ते रुपायाचं." मी कोल्हापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात नवीन लेक्चरर म्हणून लागले तेव्हा मागच्या बाकावर बसून हा प्रकार पाहिला होता. त्या कधी चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

"माणूस भितो," त्या मग सांगत. "तीन शून्यं लिवली की त्येला वाटतंय, आता एक टाकला पायजे, न्हायतर लोक काय म्हणतील! रुपायाला लोकांची भीती न्हाय. त्यो सलग सहा शून्यं टाकतोय आणि गप पडतोय. तुमी आदी रुपायासारखं लिवायला शिका, मग इंजिनिअर व्हा."

महानंदा हुक्केरी हे त्यांचं पूर्ण नाव. माहेर, सासर, सगळं एकच, कुरुंदवाड. कारण लग्न त्यांनी केलंच नाही. घर लिंगायत, वडिलांचं भुसाराचं दुकान, घरात कन्नड आणि दुकानात मराठी. कपाळावर विभूती, अंगात इरकल साडी, आणि उजव्या हाताच्या बोटांवर सोल्डरिंगचे बारीक काळे डाग. कोल्हापूरच्या बायकांप्रमाणे त्या 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या आणि फार चिडल्या की तोंडातून कन्नड 'बेडा!' निघायचं. बेडा म्हणजे नको. आमच्या स्टाफरूममध्ये बायका आम्ही दोघीच. मी कोडोलीची, वयाने बरीच लहान. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बजावलं, "मॅडम म्हणायचं न्हाय. मॅडम साहेबांच्या बायकांस्नी म्हणत्यात. अक्का म्हण."

अक्कांच्या धाकट्या बहिणीला कबनूरला दिलं होतं. तिच्या नवऱ्याचे, म्हणजे दाजींचे, यंत्रमाग होते. त्यांची एकुलती मुलगी शिवलीला जन्मापासून बहिरी. गावात बहिऱ्या मुलांची एक छोटी शाळा होती, दाजींच्या मागांच्या शेडला लागूनच. शाळेत एक यंत्र होतं. बाईंच्या गळ्यात माइक, मुलांच्या छातीवर पट्ट्याने बांधलेले रिसीव्हर आणि कानात इअरफोन. त्या मुलांपैकी बहुतेकांना थोडंसं ऐकू येत असे, आवाज मोठा करून थेट कानात सोडला तर. तेवढ्या थोड्यावर बाई त्यांना बोलायला शिकवत.

एका रविवारी मी अक्कांबरोबर कबनूरला जेवायला गेले होते. पानं मांडताना शिवलीला, सात-आठ वर्षांची असेल, एकाएकी तिच्या त्या घोगऱ्या, सपाट आवाजात बोलली, "चाळीस नंबर. गाडी. उद्या." आणि पाठोपाठ एक सणसणीत शिवी. तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं, की पोरगी चार शब्द बोलली. दाजी शिवी ऐकून पोट धरून हसले. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिच्यासमोर उकिडवं बसून, ओठ ठळक हलवत विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

शिवलीलाने शाळेच्या दिशेने बोट केलं.

दुसऱ्या दिवशी अक्का रजा टाकून शाळेत जाऊन बसल्या. मुलांचा इअरफोन स्वतःच्या कानाला लावला आणि त्यांना कळलं. त्या काळी इचलकरंजीकडच्या मागवाल्यांकडे लांब पल्ल्याचे कॉर्डलेस फोन आले होते, बाहेरून चोरून आणलेले, सरकारी परवानगी नसलेले. शेडच्या छपरावर भलीमोठी एरियल उभी करायची आणि गावभर फिरत सुताचे सौदे करायचे. मुलांच्या रिसीव्हरमध्ये बाईंचा आवाज येतच नव्हता. येत होता चाळीस नंबर सुताचा भाव, न आलेली गाडी आणि ड्रायव्हरच्या आईबापांचा उद्धार. सगळ्यांत जोरदार फोन होता शेजारच्याच शेडमधला. म्हणजे दाजींचा.

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. दाजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते, फोन मांडीवर.

"दाजी, तुमचा फोन पोरीच्या कानात बोलतोय," अक्का म्हणाल्या.

दाजींनी आधी मान्यच केलं नाही. मग पटलं, तेव्हा रागावले. "मग धंदा बंद करू व्हय? सूत काय खुणा करून इकत घेऊ?"

"शाळेच्या वेळात तरी बंद ठेवा."

"त्याच येळंत बाजार चालतोय, अक्का. आणि मी बंद केला तर बाकीचे करणार हायत व्हय?" मग दाजींचा आवाज खाली आला. "तुमी उगा तरास करून घेताय. देवानं तिचं दार लावूनच धाडलंय. तिनं ऐकून काय करायचं हाय? मी हाय की, जन्मभर सांभाळायला."

हे ते प्रेमाने बोलले, त्यात खोट नव्हती. मला वाटतं अक्का त्या प्रेमालाच जास्त भडकल्या. त्या उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "फोन बंद करू नका. उलट अजून एक आणा, ह्याच्यापेक्षा मोठा. पायजे तेवढं बोला, पायजे तेवढ्या शिव्या घाला. आमी तुमच्यातनंच बोलणार."

येताना एसटीत त्यांनी मला बेत सांगितला. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता तो. लढाईच्या काळात शत्रूने आपलं बोलणं दाबू नये म्हणून शोधलेली युक्ती. साधा रेडिओ एका ठरावीक लहरीवर बोलतो. त्याच लहरीवर दुसरा कुणी मोठ्याने बोलला की पहिला संपला. अक्कांचं म्हणणं, ओरडणाऱ्याच्या वर ओरडायचंच नाही. आपलं बोलणं आधी शून्य-एकात आणायचं, मग त्या प्रत्येक शून्य-एकावर दुसरी, फार भरभर पळणारी शून्य-एकांची रांग चढवायची. त्याने बोलणं खूप रुंद पट्ट्यावर पातळ पसरतं, इतकं पातळ की दुसऱ्याला ते नुसती खरखर वाटावं. ही रांग दिसायला रुपया उडवल्यासारखी, कशीही. पण ती कशीही नसते. सात खणांच्या एका साध्या सर्किटमधून ती निघते आणि एकशे सत्तावीस अंकांनंतर परत पहिल्यापासून सुरू होते. ऐकणाऱ्याकडे तीच रांग असेल आणि ती त्याच क्षणी सुरू झाली असेल, तर ती दुसऱ्यांदा चढून पसरलेलं बोलणं पुन्हा गोळा होतं. आणि मध्ये घुसलेला कॉर्डलेस? त्याच्यावर ती रांग पहिल्यांदाच चढते, त्यामुळे आता तोच पातळ पसरतो.

"म्हंजे बघ," अक्का तिकिटाच्या मागे आकृती काढत म्हणाल्या, "जी रांग आमाला गोळा करती, तीच दाजींना इस्कटून टाकती. एकाच दणक्यात दोन्ही कामं."

हे काम त्यांनी शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट म्हणून द्यायचं ठरवलं. आमचे विभागप्रमुख इनामदार सर. माणूस वाईट नव्हता, पण कुठलीही नवी गोष्ट बघितली की त्यांना आधी चौकशी समिती दिसायची. माझ्यादेखतच त्यांनी नकार दिला.

"हुक्केरी मॅडम, हे लष्करी तंत्र. बंगलोरच्या मोठ्या प्रयोगशाळांत चालतं. कोल्हापुरात पोरांना ट्रॅफिक सिग्नल द्या, पाण्याच्या टाकीचा अलार्म द्या. झेपेल ते द्या."

"का सर? हितं इलेक्ट्रॉन हळू पळत्यात व्हय?"

"बाहेरचे परीक्षक नापास करतील पोरांना. जबाबदारी कोण घेणार?"

"मी. पोरं नापास झाली तर मीबी नापास. त्याच दिवशी राजीनामा देतो." मग त्या दारातून परत वळल्या. "आणि परवान्याचं म्हणाल, तर रेडिओच्या प्रयोगाचा सरकारी परवाना कॉलेजच्या नावावर हाय. तुमच्याच कपाटात. धूळ झटकून बघा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, अक्का, राजीनाम्याची भाषा कशाला? त्या म्हणाल्या, "बोलल्यावर मला माघारी फिरायला जागा ऱ्हाईत न्हाय. मला तशीच सवय हाय."

ते वर्ष खडतर गेलं. बोलणं पाठवणारं यंत्र लवकर झालं, पण घेणारं काही केल्या ऐकेना. दोन्हीकडची रांग एकाच क्षणी सुरू व्हायला हवी, आणि एका अंकाचा फरक पडला तरी नुसता फुसफुसाट. अक्कांनी मग असं केलं, की घेणाऱ्या यंत्रातली रांग आपोआप हळूहळू सरकत राहायची, जुळेपर्यंत. एका दुपारी प्रयोगशाळेत मी माइकसमोर कंटाळून भाजीची नावं म्हणत होते. फुसफुसाट चालूच होता आणि एकदम स्पीकरमधून माझाच आवाज आला, "...दोडका." चारही पोरं टेबलांवर चढून ओरडली. अक्का खुर्चीत बसूनच होत्या. "खाली उतरा," त्या म्हणाल्या. "हितं शांतता हाय. शांततेत कोणबी ऐकतंय."

म्हणूनच परीक्षेच्या दिवशी त्यांनी प्रात्यक्षिक कॉलेजात द्यायला साफ नकार दिला. बाहेरगावचे परीक्षक, एक वयस्क, कमी बोलणारे गृहस्थ, यंत्र बघायला प्रयोगशाळेत आले, तर अक्का त्यांना म्हणाल्या, "सर, ह्याची परीक्षा गोंगाटाशिवाय व्हायची न्हाय. कबनूरला चला." इनामदार सरांचा चेहरा पडला. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "गाडी आहे का?"

आम्ही कॉलेजच्या जीपमधून गेलो. शाळेच्या भिंतींना मागांचा खडखडाट बाहेरून बडवत होता; आपल्याला तिथे शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. बाकांवर मुलं बसली होती. अक्कांनी खिडकीतून दाजींना हाक मारली. ते शेडमधून फोन घेऊन आले आणि खिडकीपाशी उभे राहिले. चेहऱ्यावर थोडी मजा, थोडा राग.

"दाजी, आज मनमोकळं बोला," अक्का म्हणाल्या. "फोन बंद करू नका, न्हायतर ह्यांना वाटंल लबाडी हाय."

दाजींनी सूतवाल्याला फोन लावला. आधी जुनं यंत्र परीक्षकांच्या कानाला लावलं. त्यांनी क्षणभर ऐकलं आणि इअरफोन झटकन काढला. काय ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण दाजींच्या ओठांवरून आम्हाला समजत होतं.

मग नवं यंत्र सुरू केलं, आणि ते मुकं. फुसफुसाटसुद्धा नाही. एका पोराने जोडण्या बघितल्या, दुसऱ्याने वीजपुरवठा तपासला. इनामदार सर माझ्या कानाशी म्हणाले, "मी सांगितलं होतं." अक्का मात्र मागांकडे कान देऊन उभ्या होत्या. शेजारच्या शेडमध्ये माग एकदम सुरू झाले की खोलीतला दिवा मंद होई. तो आताही मंद झाला होता. अक्कांचे डोळे चमकले.

"लाईट खाली गेली आणि सातीच्या साती खणांत शून्य पडलं," त्या म्हणाल्या. "सगळी शून्यं झाली की पुढं शून्यच निघतंय, कायमचं. मेलंय ते. त्येला एक द्या! एक तरी एक जिवंत पायजे!"

त्यांनी स्वतःच एक तारेचा तुकडा घेतला, एक टोक वीजपुरवठ्याला धरलं आणि दुसरं पहिल्या खणाला टेकवून उचललं. इअरफोनमध्ये फुसफुसाट सुरू झाला. रांग सरकायला लागली. मग फुसफुसाट खाली बसला.

शिवलीलाच्या कानात लांब वायरीचा इअरफोन घातला. बाईंनी ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर पुठ्ठा धरला आणि माइकमध्ये काहीतरी बोलल्या. आम्हाला मागांच्या आवाजात ते ऐकूही आलं नाही. शिवलीलाने मान वर केली. मग उठली, खिडकीपाशी गेली आणि तावातावाने सौदा करणाऱ्या आपल्या बापाच्या तोंडावर तिने खिडकी लावली.

बाईंनी पुठ्ठा खाली केला. "मी म्हटलं, खिडकी लाव," त्या म्हणाल्या.

दाजी धावत वळसा घालून आत आले. फोन अजून चालूच होता, त्यातून सूतवाला हॅलो-हॅलो करत होता. "तिला खूण कुणी केली?" त्यांनी विचारलं. त्यांनी बाईंच्या गळ्यातला माइक स्वतःच्या हातात घेतला, शिवलीला पाठमोरी होती, आणि आपलं तोंड तळव्याने झाकून ते म्हणाले, "शिवा." ती वळली. वळून तिने सरळ बापाकडे बघितलं. दाजींनी माइक बाईंना परत दिला आणि ते भिंतीला टेकून खाली बसले. परीक्षक दुसरीकडे बघू लागले.

पोरं चांगल्या गुणांनी पास झाली. पुढच्या कॉलेज-सभेत इनामदार सरांनी 'आमच्या विभागाने केलेलं मोलाचं काम' म्हणून त्याचा उल्लेख केला, तेव्हा अक्का सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "विभागानं न्हाय सर. विभागाला न जुमानता." सभागृह हसलं. पण त्या हसण्याची किंमत अक्कांनी चुकवली. इनामदार सर निवृत्त झाले तेव्हा विभागप्रमुखपद अक्कांना न देता त्यांच्यापेक्षा कनिष्ठ माणसाला दिलं गेलं. मी चिडले होते, त्या नाही. "माझ्या तोंडाला ती खुर्ची शोभली नसती," म्हणाल्या आणि तासाला गेल्या. दरवर्षी नव्या पोरांकडून त्या त्याच यंत्राची आधीपेक्षा लहान, सुधारलेली आवृत्ती करून घेत आणि कबनूरला नेऊन बसवत. सगळे खण शून्य झाले की आपोआप एक सोडणारं छोटं सर्किट त्यांनी पहिल्याच सुट्टीत जोडलं होतं.

नंतरच्या दशकात, बोलणं असंच पसरून पाठवणारे नव्या पद्धतीचे मोबाईल फोन आले. एका कंपनीचा टाय घातलेला तरुण आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आला आणि म्हणाला की हे तंत्र भारताला अगदी नवीन, पोरांनी ते समजून घ्यायला अजून वेळ लागेल. अक्कांनी हात वर केला. "आमच्या कबनूरच्या शाळेत लहान पोरं ह्येच कानात घालून बाराखडी शिकत्यात. बघायला येता का?" तो हसला. येतो म्हणाला, आला नाही.

त्याच सुमारास अक्कांना कॅन्सर निघाला. औषधांनी डोक्यावरचे सगळे केस गेले. त्या तशाच, उघड्या डोक्याने, विभूती लावून वर्गात येऊ लागल्या. एका सहकाऱ्याने भीत भीत सुचवलं की पोरांना कसंतरी वाटतं, पदर तरी घ्यावा. "बेडा!" अक्का गरजल्या. "त्यांना कसंतरी वाटतंय तर वाटू दे. आजार काय चोरीचा माल हाय झाकून ठेवायला?" शेवटी चालवेना तेव्हा त्या कुरुंदवाडला गेल्या. मी भेटायला गेले, तर पलंगावर पोरांचे पेपर पसरलेले होते. मी म्हटलं, आता तरी सोडा. त्या म्हणाल्या, "ह्या शाण्यानं सरळ कॉपी केलीय. त्येला सोडून मी कशी जाऊ?" त्या आठवड्यात त्या गेल्या. कुरुंदवाडलाच, त्यांच्या रीतीप्रमाणे बसवून, त्यांना मातीत ठेवलं.

कॉलेजने शोकसभा घेतली. इनामदार सर आता म्हातारे झाले होते. त्यांनी भाषण केलं. मनापासून केलं असेल. पण त्यात हुक्केरी मॅडम शांत होत्या, सोशिक होत्या, कुणाला कधी दुखवून बोलल्या नाहीत. माझ्या शेजारी शिवलीला बसली होती. आता मोठी झाली होती, बी.कॉम. करत होती. तिच्या कानांमागे यंत्रं होती आणि नजर सरांच्या ओठांवर खिळलेली. पलीकडे दाजी.

सर बसले तशी ती उठली आणि व्यासपीठाकडे चालू लागली. सूत्रसंचालकाने तिला पायरीवर अडवलं. तिला ऐकू येत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने कागद आणि पेन पुढे केलं. "तुम्ही लिहून द्या ना, मी वाचून दाखवतो. लोकांना नीट कळेल."

तिने कागद घेतला नाही. दाजी जागेवरूनच उभे राहिले आणि मागावर ओरडायची सवय असलेल्या आवाजात म्हणाले, "लिवून कशाला? बोलती की ती!"

शिवलीला माइकपाशी जाऊन उभी राहिली. तिचा आवाज तसाच होता, घोगरा, चढ-उतार नसलेला, काही अक्षरं गिळणारा.

"मावशी शांत नव्हती," ती म्हणाली. "मावशी भांडायची. सरांशी भांडली. माझ्या अप्पाशी भांडली. मला ऐकू यावं म्हणून भांडली. तिला सोशिक म्हणू नका."

मागच्या रांगांतून कुजबुज उठली. कुणीतरी शेजाऱ्याला विचारत होतं, काय म्हणाली? शिवलीलाला ती कुजबुज ऐकू गेली नसावी, पण तिला माना वळलेल्या दिसल्या. ती थांबली. तिने पुढच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, मग मागे बघितलं.

"मागं ऐकू आलं का?" तिने विचारलं. "नसंल आलं तर पुढं येऊन बसा. मला अजून लय बोलायचं हाय."

मग मागच्या खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागले.